साठ वर्षांनी पिशोर: इस्माईलचाचांना गावी नेताना

अप्पांनी गेल्या वीस वर्षांत माझ्याकडे काही मागितलं असेल तर तंबाखू, आणि तीही मी कधी दिली नाही. त्यामुळे मध्यंतरी जेवताना ते म्हणाले, "मला औरंगाबादला ने, इस्माईल भारताचा झालाय," तेव्हा मी मुकाट्याने रजा टाकली. दोन-तीन दिवसांची सहल आखणाऱ्यांनी यातला रस्ता आणि खाणंपिणं टिपून घ्या. बाकीचं मला माझ्यासाठीच लिहायचं आहे.

पुण्याहून सकाळी सहाला निघालो. वाघोलीची गर्दी जागी व्हायच्या आत शिक्रापूर ओलांडावं, नाहीतर अर्धा दिवस तिथेच जातो. नगरच्या अलीकडे मिसळ खाल्ली. ठीक होती, वर्णन करावं अशी नव्हती. त्यानंतर अप्पा बोलायला लागले.

इस्माईलचाचा आणि अप्पा पिशोरचे शेजारी, एका वयाचे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत सहा वर्षांच्या इस्माईलला त्याचा काका कराचीला घेऊन गेला. आई मागेच राहिली. विशीत त्याला घरी परतायचं होतं आणि सरहद्द ओलांडायला हातात कागद हवा, म्हणून त्याने तिथला पासपोर्ट काढला. घरी येण्यासाठी काढलेल्या त्या कागदानेच तो घरात परदेशी ठरला. मग औरंगाबादेत राहायचं, अर्ज करकरून व्हिसा वाढवायचा आणि शहराबाहेर जायचं तर आधी परवानगी घ्यायची.

पुढे आईने अंथरूण धरलं. परवानगी हातात नव्हती, तरी हा तसाच एसटीने पिशोरला आला. अप्पा तेव्हा गावचे पोलीस पाटील. परका माणूस आला की ठाण्याला कळवणं हे त्यांचं काम. स्टँडवर चाचांना आधी भेटले ते अप्पाच. त्यांनी मित्राला घरी आणलं, चहा पाजला आणि कोतवालाच्या हाती ठाण्यात चिठ्ठी धाडली. आईचं घर दोन दारं सोडून होतं. पोलिसांनी ती चिठ्ठी दाखवून त्यांना अप्पांच्या दारातूनच नेलं; तिथवर चाचा पोचलेच नाहीत.

"तीन दिवसांनी म्हातारी गेली," अप्पा म्हणाले. "मला त्याची माफी मागायचीय."

मी गाडी बाजूला घेतली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. पण ब्याऐंशी वर्षांच्या बापावर रागावून करायचं तरी काय?

दुपारी रोशन गेटजवळच्या चाचांच्या घरी पोचलो. त्यांची मुलगी शबाना शाळेत शिकवते. तिने नान-खलिया मागवला होता. संभाजीनगरला येऊन तो न खाता परत जाणाऱ्यांशी मी बोलत नाही. एका प्लेटमध्ये दोघांचं भागतं, खिशालाही झेपतं.

"आजवर आमच्या घरात पाच मतदार आणि एक परदेशी," शबाना हसत म्हणाली. "कलेक्टर कचेरीत शपथ होती, तर अब्बांनी पंधरा दिवस पाठ केली. तिथले साहेब म्हणाले, बघून वाचा. अब्बा म्हणाले, नाय, इतक्या वर्षांनी बघून काय वाचायचं!"

मग तिने सांगितलं, की नागरिकत्वाच्या अर्जासोबत दोन भारतीयांनी लिहून द्यावं लागतं, माणूस चांगल्या चालीचा आहे म्हणून. एक शेजाऱ्यांनी दिलं. दुसऱ्यासाठी लई फिरावं लागलं.

अप्पांनी ताटावरून मान वर केली. "मला का नाय बोलावलं?"

चाचा नानचा तुकडा मोडत म्हणाले, "तुझी सही मी एकदा बघितली होती, किसन."

त्यानंतर कुणी फारसं जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन पिशोरला निघालो. कन्नडच्या रस्त्याला लवकर लागा, दौलताबादच्या दरवाज्यात गाड्या अडकतात. वेरूळ आल्यावर चाचांनी काच खाली केली. इतकी वर्षं एवढ्या जवळ राहून त्यांनी लेणी पाहिली नव्हती. मी थांबू का विचारलं, तर म्हणाले, "आधी अम्मी."

पिशोरमध्ये शिरताच ते म्हणाले, "बेटा, ठाण्यावर घे. आमद लिहायची." म्हणजे आल्याची नोंद. पिशवीत फोटो, झेरॉक्सा, सगळं तयार होतं. ठाण्यातला हवालदार बिचारा गोंधळला. "चाचा, तुम्ही आता आपलेच. कशाची नोंद?" चाचा हलेनात. "लिख लो साब, बाद में लफडा नको." शेवटी त्याने एका कोऱ्या कागदावर त्यांचं नाव आणि वेळ लिहिली, तेव्हा ते बाहेर आले. मला तिथे रडूच फुटलं.

कब्रस्तानात आईच्या कबरीवर दगड नव्हता. जागा अप्पांनी दाखवली. दफनाच्या दिवशी त्यांनी माती दिली होती.

चाचांनी फातिहा म्हटला. तिथेच खाली बसले. मग विचारलं, "शेवटी तिनं माझं नाव काढलं का?"

"रोज काढायची. इस्माईल आला का, विचारायची."

"तू काय सांगितलंस?"

"नाय आला, म्हनलो."

मग अप्पांनी हात जोडले. चाचा त्या हातांकडे बघत राहिले. "सरकारनं मला पदरात घेतलं, किसन. माझ्यानं तुला घेणं व्हईना." गुडघे धरल्यामुळे त्यांना एकट्याने उठता येत नव्हतं. अप्पा पुढे झाले, पण चाचांनी हात माझा धरला.

संध्याकाळी त्यांना घरी सोडून आम्ही मुक्काम केला आणि सकाळी पुण्याला निघालो. थंडीत जाल तर रस्ता सुखाचा आहे. फोटो मी काढलेले नाहीत. देशाला एखाद्याला आपलं म्हणायला साठ वर्षं लागतात, हे मला गिळवत नाही. आणि माझ्या बापाची चिठ्ठीही.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी अप्पा म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत ने."

"कशाला अप्पा? ते नाही म्हणाले ना तुम्हाला."

"त्यानं साठ वर्षं अर्ज केले," अप्पा म्हणाले. "मी एकदाच केलाय."