मापावरची मूठ

अनसिंगच्या बाजारात गिरजाबाई माळीण हाताची चिकट म्हणून ओळखली जाई. तराजूचा काटा सरळ झाला की तिचा हात थांबे. वर कोथिंबिरीची काडीसुद्धा पडत नसे.

मुळात ती तशी नव्हती. एकोणीसशे अठरा सालात मानमोडीचा साथीचा ताप गावोगाव पसरला, तेव्हा अकोल्याच्या एका सेवा मंडळाचे लोक बैलगाडीतून औषधाची बरणी घेऊन आले. भाजी घेऊन घरोघरी फिरणारी बाई म्हणून वाटपाचं काम त्यांनी तिच्यावर सोपवलं.

"आजाऱ्याले दोनच चमचे, बाई," त्यांनी बजावलं.

पण हाताला मापावर मूठभर टाकायची जन्माची सवय. दोन चमचे झाले, की वाटीत वर थोडं पडेच.

आपलं घर तिने शेवटी ठेवलं होतं. तिथे नवरा शालिकराम तापाने फणफणत होता. त्याच्या आधी चार घरं राहिली असतानाच बरणी रिकामी झाली. मंडळाची दुसरी गाडी चौथ्या दिवशी आली. शालिकराम तिसऱ्याच दिवशी वारला.

त्यानंतर तीस वर्षं तिने भाजी विकली. काटा सरळ झाला की हात मागे. गिऱ्हाइकं हटकून चिडत, "मूठभर वर टाकलं तं तुयं काय जाते व, गिरजाबाई?"