सहा इंचांची नळी

खट्. रिव्हॉल्व्हरचं चक्र गोळ्या भरून परत आत बसतं, तेव्हा होणारा आवाज.

पोलिसांच्या शस्त्रागारात उस्तादांच्या हाताखाली हत्यारं पुसायला लागलो, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि हा आवाज ऐकवला. म्हणाले, "एकदाच खट् आलं तर हत्यार चांगलं. मागून बारीक किरकिर आली तर परत उघड." माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढची चौतीस वर्षं या आवाजावर पोट भरलं.

आता मी नेदरलँड्समध्ये, टिलबर्गला मुलाकडे असतो. अमोल दर शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जातो आणि मी घरी एकटा नको म्हणून मलाही नेतो. मी कॅन्टीनमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी बसतो. गप्प बसलेल्या म्हाताऱ्यासमोर लोक काहीही बोलतात, त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात. एक आठवला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो. हे सगळे एकाच रिव्हॉल्व्हरचे.

*

त्या कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर आन्सबाई बसायच्या. वय माझ्याएवढंच. नवरा, पीट, आत नेम धरायचा आणि या बाहेर विणत बसायच्या. मला डच येत नाही, त्यांना मराठी नाही, इंग्रजी दोघांचंही जेमतेम. त्या बिस्किटांचा डबा पुढे करायच्या, मी पुढच्या शनिवारी त्यात चकल्या घालून परत द्यायचो. असं आमचं बोलणं.

दिवाळीच्या सुमारास पीट गेले. त्यांचं रिव्हॉल्व्हर क्लबच्या तिजोरीत आलं. इथला कायदा असा, की परवाना मिळू शकेल अशा माणसाने ते आपल्या नावावर घ्यायचं, नाहीतर पोलीस नेऊन वितळवतात. आन्सबाईंना ईस्टरपर्यंतची मुदत होती. क्लबात नवीन परवाना मागणारा एकच सभासद होता. आमचा अमोल.

सेक्रेटरी हेंकने आमच्यासमोर पेटी उघडली. थ्री फिफ्टी सेव्हन मॅग्नम, सहा इंचांची नळी, लाकडी मूठ पीटच्या तळव्याने गुळगुळीत झालेली. हेंकने चक्र बाहेर काढलं, परत बसवलं. खट्. एकदाच.

मी अमोलला म्हटलं, "घे हे."

तो म्हणाला, "बाबा, अजून कॅलिबरच फायनल नाहीये."

*

कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, फायनल करण्यासाठी कौस्तुभ होता. अमोलच्या ऑफिसातला मित्र, पुण्याचा. त्याने लॅपटॉपवर मोठा तक्ता बनवला होता. थ्री फिफ्टी सेव्हन की त्याहून दांडगं फॉर्टी फोर, नळी चार इंची, सहा इंची की आठ इंची, गोळीचा वेग, धक्का, वजन, प्रत्येकाला मार्क. बावीस रकाने होते. दोघांपैकी कोणी फॉर्टी फोर हातातसुद्धा धरलेलं नव्हतं.

एकदा त्याला माझी दया आली. म्हणाला, "काका, तुमचा एवढा अनुभव. तुम्ही नळी किती इंची घ्याल?"

मी म्हटलं, "डोळे मिटून हात वर करायचा, मग उघडायचे. ज्याचं टोक निशाणावर असेल ते घ्यायचं."

त्याने तक्त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे रकान्यात कसं बसवू?"

*

तीन महिने खपून तक्त्याने फॉर्टी फोर मॅग्नम निवडलं. अमोल खूश. कौस्तुभने सगळ्यांना कॉफी पाजली. आन्सबाईंना कोणी काही सांगितलं नाही, पण विणता विणता त्यांच्या सुया थांबल्या, म्हणजे त्यांना कळलं असावं.

घरी निघताना अमोलने रेंजच्या दाराशेजारच्या खुंटीवरून जॅकेट काढलं. मागे भिंतीवर पाटी होती. या रेंजवर थ्री फिफ्टी सेव्हनच्या वरचं मॅग्नम चालत नाही, असं डचमध्ये आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. वर्षभर दर शनिवारी हा पोरगा त्याच पाटीवर जॅकेट अडकवत होता.

मला वाटलं, चला, सुटलो. कौस्तुभ म्हणाला, "दुसरा क्लब बघायचा का?"

*

दुसरा क्लब फार लांब निघाला. तेव्हा कॅलिबर थ्री फिफ्टी सेव्हनवर आलं आणि भांडण नळीवर गेलं. अमोलच्या मनात आता आठ इंची भरली होती.

पण त्याने घरची तिजोरी आधीच घेऊन भिंतीला पक्की केली होती. आठ इंची नळीचं रिव्हॉल्व्हर मुठीसकट साधारण आमच्या लाटण्याएवढं भरतं. म्हणून दोघांनी लाटणं तिजोरीत घालून पाहिलं. उभं, आडवं, तिरकं. तिरकं बसलं, पण दार लागेना. जोर लावल्यावर दार लागलं, ते उघडेना. किल्लीशी झटापट चालू असतानाच बेल वाजली. परवाना देण्याआधी तिजोरीची तपासणी करायला पोलीस आले होते.

पोलिसाने स्वतःच खटपट करून दार उघडलं. आत लाटणं. तो इंग्रजीत विचारू लागला, की हे काय आहे. अमोल लाल झाला.

सूनबाई सायली पीठ लागलेल्या हातांनी आली. म्हणाली, "सध्या तरी घरात एवढंच हत्यार आहे." आणि लाटणं उचलून पोळ्या करायला गेली.

*

शेवटी हेंकचा धीर सुटला. एका शनिवारी त्याने अमोलला क्लबचं चार इंची रिव्हॉल्व्हर दिलं, त्यात मॅग्नमच्या गोळ्या. काचेपलीकडे मोठा जाळ दिसला, कॅन्टीनमधल्या कपबश्या थरथरल्या. पाच गोळ्यांत एकही काळ्या वर्तुळात नाही. सहाव्या घरात हेंकने गुपचूप रिकामं काडतूस ठेवलं होतं. अमोलने चाप ओढला. आवाज नाही, जाळ नाही, तरी त्याचा हात केवढ्याने उडाला! धक्का हत्याराचा नव्हताच, भीतीचा होता.

मग हेंकने पीटचं सहा इंची आणलं. थ्री फिफ्टी सेव्हनमध्ये थर्टी एटच्या हलक्या गोळ्याही चालतात, त्या भरल्या. आन्सबाई विणकाम ठेवून काचेशी येऊन उभ्या राहिल्या. मीही उठलो. अमोलने सावकाश सहा गोळ्या मारल्या. पाच काळ्यात.

आन्सबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. माझ्या मनात आलं, झालं, बाईंचं काम झालं.

अमोल बाहेर आला, कानावरचं काढलं. म्हणाला, "मस्त आहे. आता तुलनेला एकदा आठ इंची मारून बघायला हवी."

त्या रात्री मी जेवलो नाही. सायलीने विचारलं, तर पोट बरं नाही म्हणालो.

*

ईस्टरच्या आधीचा शनिवार. ईस्टर झाला की पेटी पोलिसांकडे जाणार होती. शुक्रवारी रात्री अमोल माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "बाबा, उद्या घेतो." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. चाळिशीचा मुलगा, पण फिरवला.

सकाळी आन्सबाई चांगला कोट घालून आल्या. इकडे आनंदाचं काही असलं की ज्याचा आनंद, तोच सगळ्यांना खायला आणतो. त्यांनी चेरी भरलेली मोठी व्लाय, म्हणजे इकडचा केकसारखा गोड पदार्थ, आणली होती. शेजारी सुरी आणि कागदी बश्या मांडल्या. मी चकल्यांचा डबा ठेवला. हेंकने अर्ज काढला, त्यावर पेन ठेवलं आणि पेटी उघडली. आन्सबाईंनी पीटच्या रुमालाने नळी पुसली, मुठीपासून टोकापर्यंत, एकदाच.

अमोलने रिव्हॉल्व्हर उचललं, हात लांब केला, डोळे मिटले, उघडले. कौस्तुभकडे पाहिलं. कौस्तुभ म्हणाला, "पुढून जड वाटतं ना? मी म्हटलंच होतं."

आतापर्यंत या रिव्हॉल्व्हरबद्दल सगळं बोलणं मराठीत, नाहीतर इंग्रजीत झालं होतं. अमोल गेली दोन वर्षं डचच्या क्लासला जातो, आणि त्याचे उच्चार चांगले आहेत असं आन्सबाई त्याला नेहमी सांगायच्या. त्या दिवशी त्यांना नीट कळावं म्हणून तो मुद्दाम डचमध्ये, सावकाश, एकेक शब्द जुळवून बोलला. काय बोलला ते हेंकने मला नंतर सोप्या इंग्रजीत सांगितलं. त्याने विचारलं होतं, "पुढचे दोन इंच कापून घेतले तर चालेल का?"

आन्सबाईंनी त्याच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं. पेटीत ठेवलं, वर रुमाल ठेवला, झाकण लावलं. पेटी हेंककडे सरकवली. कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत सगळी. व्लाय तशीच होती, सुरीही.

खिडकीतून मला त्या दिसत होत्या. सायकलचं कुलूप काढायला त्यांना वेळ लागला. मग सायकल हातात धरून त्या चालत कालव्याकडे निघून गेल्या.