मामाचं वॉर्निश

जगातली सगळी धूळ केवळ आपलं वॉर्निश नासवायला उडते, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि आमच्या दुर्दैवाने तो माझा सख्खा मामा होता. चाकणच्या रस्त्याकडेला चिंचेखाली तो ट्रक रंगवायचा. मोर काढला की त्याची कोंबडी व्हायची, आणि वाघ दाढदुखीने हैराण झालेला दिसायचा, पण तोंडावर बोलायची छाती कुणाची? पुनावळ्याचा एक मालक नुसतं "हे मांजर का?" म्हणाला, तर मामाने त्याचा ट्रक अर्धा रंगवून तसाच हाकलून दिला.

चित्रावर वॉर्निशचा हात फिरला की मग तर त्याच्या अंगातच यायचं. रस्त्यावर पाणी शिंपडायचा, कांद्याच्या बैलगाड्या अडवायचा, "थांबा राव, वाळू द्या!" शिंक आलेल्या माणसाला पार बांधापलीकडे पिटाळायचा. एकदा ओल्या वॉर्निशमध्ये माशी चिकटली, तर "कमळावर भुंगा काढलाय," असं छातीठोकपणे सांगून मोकळा झाला. आई म्हणायची, "बरं झालं ह्याचं लगीन झालं न्हाई. नवरीलासुदिक वाळंपतुर दारात उभी केली असती!"

ह्या माणसाजवळ टिकली ती फक्त माझी धाकटी बहीण सुमन. लहानपणापासून ती चिंचेखाली बसून रंग कालवायची. "मामा, वाघाचं दात दुखत्यात का रं?" असं तिने विचारलं तर तो हसायचा. आम्ही विचारलं असतं तर ब्रश फेकून मारला असता. तिचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांचा ट्रक पाठवणीसाठी मामाने आठवडाभर खपून रंगवला.

लग्नाच्या दिवशी जेवणं उरकली, आणि मामा ट्रकपुढे हात पसरून उभा. "वॉर्निश वलं हाय. कुनाला बसता यायचं न्हाई." व्याही तापले. "दिवे लागायच्या आत सून घरात पाहिजे! रंगापायी पाठवणी अडलेली सात पिढ्यांत ऐकली नाही!" नवऱ्या मुलाचे काका बोट लावून बघायला गेले, तर मामाने ब्रश उगारला. वडील रडकुंडीला आले आणि मामाला समजवायला त्यांनी मला धाडलं. मी चिडलोच होतो. आज ह्याला चार शब्द सुनवायचेच, म्हणून गेलो आणि वाघाच्या मिशीवर बोट टेकवलं.

खडखडीत वाळलेलं होतं. निदान कालपासून.

मी मामाकडे पाहिलं. तो वर बघत होता. "ढग आल्यात," हळूच म्हणाला, "तासभर लागंल अजून." आभाळात एक ढग नव्हता, आणि त्याची हनुवटी थरथरत होती. जन्मभर त्याची टिंगल केली त्याची मला त्या क्षणी लाज वाटली. मी वळून ओरडलो, "ओलंच आहे हो!"

सुमन शालू सावरत आली आणि चिंचेखाली त्याच्याजवळ बसली. तासाभराने मामा आपणहून उठला, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "वाळलं."