पिवळ्या रेनकोटवाल्यांची सुपारी

घरात पाहुणे आणायचे तर त्यातली कोणती दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे आधी सांगायचं असतं. मेघानं सांगितलं नाही. मी दोघांना एका खोलीत, एका कॉटवर, एका पंख्याखाली झोपवलं. सकाळी बघते तर एक कॉटवर, आणि दुसरा बाहेर कट्ट्यावर, डासांनी फोडून लाल केलेला. वर मेघा मलाच म्हणते, तू विचारायचंस की आज्जी. आता मी काय प्रत्येक पाहुण्याला दारात उभा करून विचारू, बाबा, तुझं कुणाशी वाकडं आहे?

हे झालं. आता नमस्कार.

ही मोबाईलवरची लिहायची जागा माझ्या नातीची. मेघा फिरते आणि इथं लिहिते. ह्या वेळी मी लिहिते आहे, कारण ह्या फिरण्यात जो घोळ झाला तो माझ्या हातानं झाला. चौथी शिकले आहे, तेवढ्यात भागतं. मी वहीत लिहिलं, सुनेनं मोबाईलवर चढवलं. तिला बजावून ठेवलंय, एक शब्द सुधारायचा नाही.

मेघा स्कॉटलंडला नोकरी करते आणि सुट्टीला एका बँडमध्ये ड्रम वाजवते. बँडच्या नावाचा अर्थ 'उशिरा आलेली बस'. असलं नाव ठेवल्यावर पुढं काय होणार. गोव्यात त्यांचे दोन कार्यक्रम होते. एकाला वीसेक माणसं आली, दुसरा रद्द झाला. मग चोर्ला घाटातनं तिघं बेळगावजवळ आमच्या पिरनवाडीला आली. गोव्याहून येणार असाल तर हाच रस्ता धरा, जवळ पडतो, पण पोटात काही भरून बसू नका. वळणं लई. कॅलम म्हणून जो गिटार वाजवून गाणारा आहे तो दोनदा उतरून झाडाला टेकला. उंच, हाडकुळा, बघणं असं की कुणीतरी त्याची चप्पल चोरली आहे. दुसरा रॉस. बुटका, गोल, गळ्यात अडकवून वाजवायची पेटी वाजवतो, तिला अकॉर्डियन म्हणतात. दोघांची परतीची तिकिटं वेगवेगळ्या दिवसांची. बँड मोडायचं ठरलं होतं. गोवा शेवटचं.

दुसऱ्या दिवशी मला माहेरी जायचं होतं. निपाणीच्या पलीकडं लहान गाव आहे, तिथं भैरोबाची यात्रा. एरवी मी बसनं जाते. कर्नाटकाच्या साध्या बसला आम्हा बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवायचं. महाराष्ट्राची लाल बस आली तर पैसे काढायचे. म्हणून स्टँडवर म्हातारीनं बसची पाटी आधी वाचावी, मग चढावं. ह्या खेपेला मेघा म्हणाली, मुलाची जीप घेऊ, ह्यांनाही यात्रा दाखवू. घरात दोन मुके सांभाळण्यापेक्षा ते बरं.

निघताना बेळगावच्या खडेबाजारात थांबलो. माहेरी रिकाम्या हातानं जायचं नसतं, तर कुंदा घेतला. पाव किलो जास्त घ्या, निम्मा गाडीतच संपतो. कॅलमनं बोटानं चाटून खाल्ला आणि पहिल्यांदा हसला. ते बघून रॉसनं मागितला नाही. माणूस रागात गोड सोडतो तेव्हा राग जुना असतो.

हायवे चांगला आहे, पण मधी मधी काम चालू, बाजूच्या रस्त्यावर ढकलतात, धूळ खात जावं लागतं. टोलनाका ओलांडून संकेश्वरला मिसळ खाल्ली. कट वेगळा मागा, नाहीतर पाहुणा रडतो. मेघा गाडी चालवत होती, कॅलम पुढं, रॉस आणि मी मागं. त्या दोघांना मराठी कळत नाही, म्हणून मेघानं त्यांच्या तोंडावरच त्यांची सगळी कथा मला सांगितली.

समुद्राकाठचं गाव, मासेमारीचं, पाऊस बारा महिने. जाळी ठेवायच्या शेडात शाळेतली चार पोरं वाजवायची. शेड गळायचं, म्हणून पिवळे रेनकोट घालून वाजवायची. पुढं गळत नसलं तरी घालायची. गाणी कसली, तर हरवलेल्या हातमोज्यावर, रेडिओवरच्या हवामानावर. एका गाण्याला रॉसच्या आईचं शिवणयंत्र वाजवायचे, खटखट. कुणाला तरी ते आवडलं. हॉल भरायला लागले. मग गाणी काढणारी मोठी कंपनी आली. तिनं रेनकोट काढून काळे कोट घातले, शिवणयंत्र आईला परत केलं, आणि जी गाणी केली ती कुणी घेतली नाहीत. कंपनीनं सोडून दिलं. ड्रमवाला बोटीवर नोकरीला लागला, चौथा शेती बघायला गेला. हे दोघं राहिले. लोक फुटबॉल बघत दारू पितात अशा ठिकाणी कोपऱ्यात वाजवायचे. मेघा तिथंच त्यांना भेटली. कॅलम दिवसा घरं रंगवायचा.

मग एका बिस्किटवाल्याला त्यांची जुनी चाल जाहिरातीला पाहिजे झाली. कॅलम तेव्हा कुठल्या बेटावर दीपगृह रंगवत होता, फोन लागत नव्हता. रॉसनं एकट्यानं हो म्हणून टाकलं. चाल घरोघरी गेली. हॉल पुन्हा भरले, पण लोक तेवढंच एक गाणं मागायचे. एकदा ते गाणं आलं तर कॅलम स्टेजवर खाली बसला, तीच बिस्किटं खिशातनं काढली, आणि गाणं संपेपर्यंत एकेक खात राहिला. रॉसनं एकट्यानं वाजवलं. त्या दिवसापासून दोन वर्षं बोलणं बंद. काही सांगायचं तर मेघाच्या तोंडून.

मी म्हणाले, "मग तू ह्यांची ड्रमवाली का टपालवाली?"

मेघा हसली नाही. तवंदीचा घाट लागला होता, तिनं गाडी दुसऱ्या गिअरवर टाकली. पोरीला त्या दोघांचं भांडण आईबापाच्या भांडणासारखं लागलं होतं, हे मला तिथं कळलं.

निपाणीत शिरलं की तंबाखूचा वास येतो. सवय नसेल तर शिंका येतात. राहायचं असेल तर निपाणीतच लॉज बघा, आमच्या गावात सोय नाही. आम्ही गावात माझ्या भाच्याकडं उतरलो, भाकरी, झुणका आणि खर्डा झाला. भाचा बँकेत आहे, घरात दोन कूलर आहेत. माझा बाप ह्याच जागेवरच्या खोपटात राहायचा.

आता घोळ. बारा वाजता यात्रा कमिटीचे आप्पा दारात आले. देवळाच्या मानाच्या घरातले, माझ्याच वयाचे. लहानपणी ह्यांच्या दारात मी ताकासाठी लांब उभी राहायची. त्यांनी ठरवलेल्या बेंजो पार्टीची गाडी वाटेत बंद पडली होती. चारला पालखी निघायची होती. जीपमधल्या वाद्यांच्या पेट्या त्यांनी बघितल्या होत्या.

"शेवंताक्का," म्हणाले, "तुमच्या वडलांची सनई अजून कानात हाय माझ्या. पाहुणे वाजवतील न्हवं?" आणि नारळ-सुपारीचं ताट पुढं केलं.

आणि मी हात पुढं केला.

कुणाला विचारलं नाही. वाजंत्र्याची लेक आहे, पुढं आलेली सुपारी घ्यायची एवढंच हाताला माहीत. घेतल्यावर डोकं जागं झालं. आमच्याकडं सुपारी हातात पडली की वाजवणं आलं. घरात मढं असलं तरी पार्टी जायची.

मग विचारायचं ते विचारलं. "आप्पा, माझा बाप पायरीखाली उभा राहून वाजवायचा. ह्यांना कुठं उभं करणार?"

आप्पांनी पायाकडं बघितलं. "वर," म्हणाले. "पालखीच्या फुडं. आता तसलं काय ऱ्हायलं न्हाय, आक्का."

"गोरे हायेत म्हणून?"

आप्पांनी पालखीची घाई सांगितली. ताट माझ्या हातात ठेवून गेले.

कॅलमला मेघानं सांगितलं तर तो उभाच राहिला. आम्ही संपलोय, गोव्यातच संपलोय, म्हणाला. रॉस बाजेवर बसून जमिनीकडं बघत होता. मेघाचे डोळे भरले. मला रडं बघवत नाही, चीड येते.

मी म्हणाले, "ह्याला सांग, संपलाय तर संपलाय. वाजवू नको. पण सुपारी परत द्यावी लागती. पार्टी फुटली तर जे दोघं फुटले त्यांनी मिळून द्यायची. एक ताट, चार हात. देवाच्या पुढं."

हे मी बनवून सांगितलं नाही. रीतच आहे. माझा बाप सनई वाजवायचा आणि चुलता सूर धरायचा. सूर म्हणजे एकच स्वर, शेवटपर्यंत, श्वास न तोडता. चुलता बौद्ध झाला आणि म्हणाला, ज्यांच्या पायरीवर चढू देत नाहीत त्यांच्या दारात मी वाजवणार नाही. बाप म्हणाला, पोरं काय खातील? चुलत्याचं खरं होतं, बापाला भूक होती. दोघांनी हात लावलेली त्या सालची सुपारी घरात होती. परत द्यायला दोघं एका ताटाशी आले नाहीत. बापानं पुन्हा सनई काढली नाही, सुराशिवाय सनई म्हणजे नुसती शिट्टी. एका गल्लीत समोरासमोर बारा-पंधरा वर्षं काढली आणि न बोलता मेले.

कॅलमनं मेघाकडनं विचारलं, त्या सुपारीचं काय झालं.

"कोनाड्यात होती. भिंत पडली. ठाव न्हाय."

कॅलम ताटापाशी आला. मग एका बाजूनं ताट धरलं. रॉस उठला आणि दुसऱ्या बाजूनं धरलं. परत द्यायलाच निघाले, हे मी स्पष्ट सांगते. वाद्यं खांद्यावर होती, कारण तिथूनच जीपमध्ये बसून निघायचं होतं. उन्हात दोघं तिरके चालत, एक उंच एक बुटका, ताट कलतंय, नारळ घरंगळतोय, मागनं मेघा आणि मी. वाटेतली माणसं बाजूला झाली. त्यांना वाटलं, लई मोठा नवस असणार.

देवळाच्या पायऱ्या ते चढले. मी खालीच थांबले. कुणी अडवलं नव्हतं, पाय थांबले. मघाशी हात, आता पाय. मग मला माझाच राग आला आणि मी चढले. मी देवाला काही मागत नाही, मागितलंही नाही. नुसती वर जाऊन उभी राहिले.

ते दोघं ताट धरून तसेच उभे होते. ठेवायला कुणी आधी वाकेना. मग रॉस काहीतरी म्हणाला. मेघाकडं बघून नाही, कॅलमकडं बघून.

मी मेघाला ढोसलं, काय म्हणाला?

"विचारतोय, कुठल्या पट्टीत."

कॅलमनं उत्तर दिलं नाही. ताटाला लावलेला हात काढला, गिटार पुढं घेतली आणि एक तार छेडली. रॉसनं ताट माझ्या हातात दिलं, पेटीचा भाता ओढला आणि तोच स्वर धरला. धरूनच ठेवला. मला पुढचं थोडा वेळ दिसलं नाही, ऊन लई होतं.

वाजवलं कसं, ते सांगते. सुरुवात वाईट. चैत्राच्या उन्हात पेट्यांतनं पिवळे रेनकोट काढून घातले, पोरं ओरडायला लागली, पाऊस कुठाय पाऊस. हवामानाच्या गाण्याला पालखी चालेना, भोई अडखळले. आप्पा मेघाजवळ येऊन म्हणाले, चालीचं कायतरी लावा. चालीचं त्यांच्याकडं एकच होतं. कॅलमनंच ते सुरू केलं, बिस्किटाचं. पालखी बघता बघता वेशीपर्यंत गेली. रॉस रडत होता का घामेजला होता, रेनकोटात सांगता येत नाही.

येताना जीपमध्ये पुन्हा तसेच बसले, एक पुढं एक मागं. संकेश्वरच्या अलीकडं कॅलमनं पाण्याची बाटली मागं न बघता मागं केली, रॉसनं घेतली. ह्याला दिलजमाई म्हणायची तर म्हणा, मी म्हणणार नाही. बेळगावच्या सांबऱ्याच्या विमानतळावरनं वेगवेगळ्या दिवशीच गेले. मेघा तिसऱ्या दिवशी.

घरी येऊन महिना झाला. जायचं असेल त्यांनी चैत्रात जावं, टोपी न्यावी, जेवायला घरी कुणी बोलावलं तर नाही म्हणू नये. माझ्यापुरतं काय राहिलं? चुलत्याचा सूर ऐकला असं मी म्हणणार नाही, तो पेटीचा होता. पण मी सत्तरी ओलांडून त्या पायऱ्या चढले, आणि वर विशेष काही नव्हतं. एक दगड, एक घंटा. एवढ्यासाठी दोन भाऊ न बोलता मेले. हे मात्र जात नाही डोक्यातनं.

गेल्या आठवड्यात आप्पा बसनं पिरनवाडीला आले. पुढच्या सालची सुपारी घेऊन. ह्या खेपेला मी हात मागं बांधले आणि म्हणाले, टीव्हीवर ठेवा. तिथं आहे. मेघाला सांगितलं, तिनं दोघांना कळवलं. रॉस म्हणतो, कॅलमला विचार. कॅलम म्हणतो, रॉसला विचार. मेघा पुन्हा टपाल वाहते आहे.

तर मेघा, हे त्या दोघांना त्यांच्या भाषेत वाचून दाखव आणि मग बाजूला हो. देवळात रॉसनं तोंड उघडून विचारलं होतं. कॅलमनं तारेवर भागवलं, ते एकदा चाललं. सुपारी टीव्हीवर आहे. मला फोन करायचा नाही, मेघाला निरोप द्यायचा नाही. उत्तर कॅलमनं द्यायचं, तोंडानं, आणि रॉसला.