कुकर आला, वाईन राहिली

विमानतळाच्या दाराबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, आईने माझी बॅग उघडली होती. वजन जास्त भरत होतं. एक तर प्रेशर कुकर काढायचा, नाहीतर गाउनमध्ये गुंडाळलेली तिच्या हातच्या वाईनची बाटली. आईने क्षणभरही विचार केला नाही. "वाईन काय, तिथं घालशील गं बाय. कुकर कुठं शोधत फिरशील?" असं म्हणून तिने बाटली भावाच्या हातात दिली. आता इथे एडिसनला ओक ट्री रोडवर गेलं की भारतीय दुकानांच्या दारातच कुकर रचून ठेवलेले दिसतात आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळची वाईन घालतात, लोणचं घालावं तशी. काळे मनुके, साखर, मूठभर गहू, यीस्ट, उकळून गार केलेलं पाणी. बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं आणि रोज लाकडी पळीने ढवळायचं. आई दिवस मोजत नसे. फडकं सोडून वास घ्यायची आणि "अजून नाही" म्हणायची. मग एका सकाळी "आली" म्हणायची, की लगेच गाळायला सुरुवात.

इथल्या मराठी मंडळींत हे सांगायची सोय नाही. "अगं, घरी दारू? लीगल आहे ना यार?" असं विचारताना त्यांचे आवाज आपोआप खाली जातात. घरापुरती चालते, असं मी सांगते. इवल्याशा पेल्यातून पाहुण्यांना देतात, केकबरोबर, हेही सांगते. हल्ली सांगायचा कंटाळा येतो.

गेल्या वर्षी आईला मोठं आजारपण आलं आणि त्यानंतर तिला वासच येईनासा झाला. तरी हट्टाने तिने बरणी घातली, पण आली की नाही ते तिला कळेना. भावाला आणि वहिनीला त्यातलं काही समजत नाही. सगळी आंबट होऊन वाया गेली. आईने ती अंगणात ओतून दिली आणि बरणी पोटमाळ्यावर टाकली. "आता दुकानातून आणा," म्हणाली. मला ते फार लागलं. माझ्या व्हिसाचं घोंगडं भिजत पडलंय, त्यामुळे घरी जाता येत नाही. मग ठरवलं, या वर्षी बरणी जर्सी सिटीत घालायची. मला जमली नाही, तर आमच्या घरातून ती वाईन संपलीच.

आणि मला जमेना. पहिल्यांदा आळस केला, मनुक्यांऐवजी दुकानातला द्राक्षांचा ज्यूस आणला. त्यात यीस्ट टाकून दोन आठवडे बघत बसले, एक बुडबुडा येईल तर शपथ. शेवटी माझ्या नवऱ्याने, विल्सनने, डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. "अगं, यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे. हा कसला फर्मेंट होतोय!" घरी वाईन बनवणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात गेले, तर तिथला माणूस साखरेचं प्रमाण आणि तापमान विचारायला लागला. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "साखर अंदाजाने घाल." अंदाज तिच्या हातात, बरणी माझ्या पुढ्यात!

दुसऱ्यांदा मनुके घातले आणि ते मस्त फसफसायला लागले. पण वास कॉरिडॉरमध्ये गेला. बिल्डिंगच्या ऑफिसातून एक बाई येऊन वासाची तक्रार गोड शब्दांत सांगून गेली. मी घाबरले आणि लोणच्याच्या सवयीने काचेच्या बरणीचं झाकण गच्च आवळलं. लोणच्याला हवा लागू द्यायची नाही, हे आपल्या हाडात बसलेलं. वाईनमधून गॅस निघतो, त्याला वाट हवी, हे मलमलच्या फडक्याखाली इतकी वर्षं वाढूनही माझ्या डोक्यात आलं नाही. आम्ही कामावर असताना बरणी फुटली. भाड्याच्या घरातला फिकट गालिचा, त्यावर काचा आणि मनुके. मी तिथेच बसून रडले. गालिच्यासाठी नाही. नाताळ जवळ आला होता.

तिसऱ्यांदा सगळं आईच्या पद्धतीने केलं. फडकं बांधलं, बरणी हीटरपाशी ठेवली, खिडकी जराशी उघडी ठेवली. पण आली हे ओळखायचं कसं? शनिवारी सकाळी फोनवर मी आईवर चिडलेच. "वासावरून, वासावरून काय करतेस? नीट काहीतरी सांग ना!"

"मग तूच सांग," आई म्हणाली. "नाक घाल आणि काय येतंय ते मला सांग."

"मनुक्यांचा येतोय."

"तो पहिल्या दिवशीपण येतो. अजून?"

"पावाच्या पिठाचा."

"तो जायला पाहिजे. उद्या परत सांग."

मग हे रोजचंच झालं. पिठाचा वास हळूहळू गेला. पिकल्या केळ्यासारखा एक यायला लागला, मग तोही ओसरला. आई प्रश्न विचारायची, मी शब्द शोधायचे. एका सकाळी फडकं सोडलं. नाताळच्या आधी आपल्या स्वयंपाकघरात शिरल्यावर यायचा, तोच वास. तेवढंच मी सांगितलं.

पलीकडून आई म्हणाली, "आली."

लोक विचारतात, घर कुठलं? मी वसई सांगते, अजूनही. पण ज्या वासासाठी मी घरी जायला तडफडत होते, तो आता तिथे नाही. तो इथे आहे, हीटरपाशी, या उंच इमारतीत. याचा आनंद मानायचा की राग, मला कळत नाही. बहुतेक वेळा रागच येतो.

त्या सकाळी गाळायला घेणार, तेवढ्यात फोनवरून आई म्हणाली, "थांब जरा. फडकं ठेव बाजूला आणि मला एकदा परत सांग, कसा येतोय."

मी बरणीवर वाकले आणि मनुक्यांपासून सांगायला लागले.