चौदाव्या होलवर थांबलेला डाव

तुमचे बाबा परभणीहून परत आल्यापासून घरात फारसं बोलत नाहीत, असं तुमच्या आईने मला सांगितलं. "आजी, तिथे काय झालं?" असं धाकट्याने फोनवर दोनदा विचारलं. मला ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे ठाऊक आहे. इंग्रजीत लिहिणं मला जड गेलं नसतं, जन्मभर तेच शिकवलं. पण बाबा इथे होते त्या चार दिवसांत आपल्या घरात इंग्रजी कुणी बोललं नाही.

बाबा या वेळी आले ते एका खेळासाठी. आपल्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर कापडाखाली झाकून ठेवलेला होता. त्यावर गोल्फचा एक खेळ होता. बाबा आणि तुमचा काका मिळून तो खेळत. काका बाबांहून सात वर्षांनी मोठा. तो अठराव्या वर्षी गेला, एवढं तुम्हाला माहीत आहे. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला सोनपेठला गेला होता आणि परत येताना जीप उलटली.

त्याचे आपल्याकडे सहा फोटो आहेत. आवाज कुठेच नाही. बाबांचं म्हणणं असं होतं की त्या खेळाच्या एका फ्लॉपीवर त्याचं नाव आहे, त्याने केलेले आकडे आहेत, आणि दोघांचा एक अर्धा राहिलेला डावही आहे. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पुठ्ठ्यासारखी लवचीक तबकडी. तिच्यावर माहिती साठवत. "आई, दादाने मारलेला एकेक फटका त्यात असणार," असं बाबा जानेवारीत फोनवर म्हणाले. त्यांना तो डाव एकदा पडद्यावर बघायचा होता. बाकी काही नको होतं.

तो कॉम्प्युटर आजोबांचा. ते कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत. पिकांच्या चाचण्यांची गणितं करायला हैदराबादच्या एका सहकाऱ्याकडून त्यांनी तो जुनाच विकत घेतला होता. पडदा काळा, अक्षरं हिरवी. तो ज्या पेटीतून आला तिच्यातच गोल्फच्या दोन फ्लॉप्या निघाल्या. एकीवर खेळ, दुसरी खेळाडूंची नावं आणि डाव साठवायला. आपल्या गल्लीत गोल्फचं मैदान कुणी पाहिलेलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी एकदा खिडकीतून बघून विचारलं, पोरं काय करायलेत. मी म्हटलं, गवतात चेंडू हरवतात आणि शोधतात. त्या म्हणाल्या, "मग आमच्या परसात पाठवा की, तिथं लय हाय गवत."

खेळ सोपा होता. पडद्यावर एक पट्टी वर चढायची आणि खाली यायची. वर असताना लांब बटण दाबलं की जोर ठरायचा, खाली येताना दाबलं की दिशा. त्या वेळी लाईट दिवसातून चार वेळा जायची, म्हणून प्रत्येक होल झाला, म्हणजे चेंडू झेंड्याखालच्या खड्ड्यात गेला, की काका डाव फ्लॉपीवर साठवून ठेवायचा. करर करर असा आवाज यायचा आणि दोघे हात मांडीवर ठेवून तो थांबायची वाट बघायचे. आजोबांना हे आवडत नसे. यंत्र कामासाठी आणलंय, असं ते म्हणत आणि खेळ चालू असला की त्या खोलीत पाय ठेवत नसत.

काका गेल्यानंतर तो कॉम्प्युटर लावलेला मी पाहिला नाही. आजोबांना कॉलेजात नवीन मिळाला.

बाबा आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. स्टॅबिलायझर, टीव्ही, पंपाचे स्टार्टर, सगळं तो उघडतो. शाळेत माझ्याच हाताखाली शिकला, अजून बाई म्हणतो. त्याने पेटी खोलली, आतली पालीची अंडी काढली, धूळ फुंकली, वीजपुरवठ्याचा भाग बदलला आणि संध्याकाळपर्यंत यंत्र सुरू केलं. हिरवी अक्षरं आली तेव्हा बाबांनी माझा हात धरला. आजोबा दारात खुर्ची टाकून बसले होते. आत आले नाहीत.

पहिली फ्लॉपी चालली. टेकड्या आल्या, झाडं आली, एक झेंडा आला. मग यंत्राने खेळाडूंची फ्लॉपी मागितली. बाबांनी ती कागदी पाकिटातून काढली. पाकिटावर काकाच्या अक्षरात दोघांची नावं होती. फ्लॉपी आत गेली, करर करर झालं आणि वाचता येत नाही असं पडद्यावर आलं. बाबांनी काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. चौथ्यांदा दुरुस्तीवाल्याने ती त्यांच्या हातातून घेतली आणि उजेडात धरली.

"बाई," तो म्हणाला, "ह्याला कुंकू कुणी लावलं?"

मी लावलं होतं.

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपण हत्यारांची पूजा करतो. विळा, कात्री, शिवणयंत्र, पेन, आजोबांची सायकल, ज्याच्या जिवावर घर चालतं ते सगळं पाटावर मांडतो. कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्याच्या चौकटीलाही मी हळदकुंकू लावत होते. काका गेल्यावर वर्षभर सण केले नाहीत. वर्ष सरल्यावर पहिली खंडेनवमी आली तेव्हा पाटावर त्याचं काय ठेवावं हे मला सुचेना. पुस्तकं होती, पण पुस्तकांत त्याचा जीव नव्हता. मग ही फ्लॉपी काढली, तिच्या पाकिटावर त्याचं अक्षर होतं म्हणून. पाकिटातून बाहेर काढून पाटावर ठेवली. त्या फ्लॉपीला मधोमध एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली चकचकीत तपकिरी पट्टी दिसते. बाकी सगळं काळं. कपाळ असावं तशी ती जागा मला दिसली. तिथे ओलं कुंकू लावलं, वर हळद, वर अक्षता. बाबा तेव्हा लहान होते, काकाचं काही मांडलं की पाटाजवळ येत नसत.

माहिती त्या पट्टीवरच असते, आणि तिला बोटही लावायचं नसतं. हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी आदल्या वर्षीचं कुंकू ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि नवं लावलं. असं दरवर्षी. एकही वर्ष चुकवलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्या वर्षी चाचपडत लावलं.

"दरवर्षी?" बाबांनी विचारलं.

"दरवर्षी."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुरुस्तीवाल्याने कापूस आणि स्पिरिट घेऊन अगदी हलक्या हाताने पुसून बघितलं. कापूस तपकिरी झाला. तो म्हणाला, लेपच निघायलाय बाई, आता पुसू का नको? मी म्हटलं, राहू दे. त्याने सामान आवरलं आणि चहा न घेता गेला. बाबा बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी फ्लॉपी पाकिटात घातली आणि मग ती कुठे ठेवावी हे कळेना म्हणून हातातच धरून उभी राहिले.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी आजोबांना विचारलं. ते आजोबांना अण्णा म्हणतात. म्हणाले, "अण्णा, आईला माहीत नव्हतं, पण तुम्हाला तर माहीत होतं. तुमच्या समोर ती पूजा करायची. एकदाही बोलला नाहीत?"

आजोबांना ऐकू कमी येतं, पण हे ऐकू आलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"त्या पहिल्या दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी ती लावून बघितली होती," ते म्हणाले. "तुम्ही दोघं मानवतला मामाकडे गेला होतात. नाही लागली. गेली होती ती तेव्हाच. मग सांगून काय करायचं?"

मी म्हटलं, "अहो, म्हणजे तीस वर्षं मी रिकाम्या तबकडीची पूजा केली?"

"तुला तेवढंच उरलं होतं," ते म्हणाले. ताट बाजूला सरकवून म्हणाले, "पूजेच्या आधीच ती लावून बसायला पाहिजे होतं मी. धीर होत नव्हता."

माझ्यावर दया करून ते गप्प राहिले, हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मला राग आला. माझ्या हातून काय झालं हे त्यांना माहीत होतं, आणि दर खंडेनवमीला ते माझ्या शेजारी उभे राहून हात जोडत होते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचं, औषधाच्या गोळ्या वाटीत काढून समोर ठेवायच्या, बस. बाबा आमच्यात पडले नाहीत. ते मागच्या खोलीत कॉम्प्युटर लावून एकटेच बसायचे. खेळाची फ्लॉपी चालत होती. नवा डाव सुरू करता येत होता.

चौथ्या दिवशी, बाबा निघायच्या आदल्या दुपारी, आजोबा आपली खुर्ची ओढत त्या खोलीत गेले. मी दाराशी मेथी निवडत होते. आजोबांनी विचारलं, हे कसं खेळतात. बाबांनी त्यांना पट्टी दाखवली, बटण दाखवलं. आजोबांचा हात थरथरतो, तुम्ही पाहिलं आहे. त्यांनी बटण उशिरा दाबलं आणि चेंडू तळ्यात गेला. दुसऱ्यांदाही गेला. बाबा म्हणाले, "दादाचाही जायचा. जोर फार लावायचा तो. पट्टी पार टोकाला जाईपर्यंत सोडायचा नाही. मी म्हणायचो, थोडं आधी दाब, तर म्हणायचा, अर्ध्या ताकदीनं मारायचं असेल तर खेळायचं कशाला." आजोबा हसले. तो कसा बसायचा, कुठल्या हाताने दाबायचा, हरला की काय करायचा, असं एकेक ते विचारत राहिले. बाबा सांगत राहिले. तीस वर्षांत त्या दोघांत काकाबद्दल एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. मी मेथी निवडायची थांबले.

मग आजोबांनी विचारलं, "तुमचा तो शेवटचा डाव कुठं थांबला होता?"

"चौदाव्या होलवर. दादाची पाळी होती."

"लांब होता का चेंडू?"

"नाही हो. तीन-चार फुटांवर. सोपा होता एकदम. त्या दिवशी तो पहिल्यांदाच माझ्यापुढे चालला होता."

"मग मारला का नाही?"

"मारणारच होता," बाबा पडद्याकडे बघत म्हणाले. "तुम्ही हाक मारली ना अण्णा, सोनपेठची एसटी चुकेल म्हणून. दोनदा मारली. मग त्यानं तसंच साठवलं आणि पळाला."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. मलाही त्याच क्षणी आठवलं. आजोबा अंगणातून हाक मारत होते, हातात काकाची पिशवी होती, आणि मी म्हणत होते, जाऊ द्या हो, दुसरी गाडी आहे. दुसरी गाडी रात्रीची होती. रात्री आम्ही त्याला पाठवला नसता. हे आम्ही दोघांनी कधी एकमेकांना बोलून दाखवलं नव्हतं. आजोबा ते विसरले आहेत असं मी धरून चालले होते. विसरले होते की नाही, मला आजही सांगता येत नाही.

बाबा म्हणाले, "अण्णा, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"हाक मी मारली होती," आजोबा म्हणाले. "बरोबर आहे." त्यांनी बटणावरचं बोट काढून घेतलं आणि उठायला हात पुढे केला. बाबांनी धरून उठवलं. त्यानंतर त्यांनी देवगिरी एक्सप्रेसची वेळ विचारली, डबा घेतला का विचारलं, दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत पोचवायलाही आले. पण त्या दुपारचं काही नाही. माझ्याशी मात्र ते बोलू लागले आहेत आणि मीही. तो कॉम्प्युटर तसाच आहे, कापडाशिवाय.

बाबा दर रविवारी मला फोन करतात. तब्येत विचारतात, तुमच्या परीक्षा सांगतात. अण्णांना दे म्हणत नाहीत. आजोबा फोन वाजला की टीव्ही बंद करून माझ्याकडे बघत बसतात, आणि मी ठेवला की पुन्हा लावतात. तुम्ही बाबांना सांगा, पुढच्या रविवारी फोन आजोबांना करायचा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल. जोरात बोलायला सांगा, उजव्या कानाने त्यांना बरं ऐकू येतं.