काचा वर करून टेंभुर्णीला

माझ्या नातीला पाहायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांनी नकार कळवला, कारण कळवलं नाही. ते माझ्या मुलानं स्वतःच शोधून काढलं. आपल्या गाडीचा एसी बंद होता, पाहुण्यांना घाम आला, म्हणून नकार. नात दवाखान्यात नर्स आहे, दिसायला चांगली, बोलायला चांगली. तिच्यात खोट सापडेना, म्हणून बापानं ती गाडीत काढली. माणूस शिकला की त्याला असलं काहीही सुचतं.

गाडी जुनी, दुसऱ्यानं वापरून विकलेली. काचा हँडल फिरवून खालीवर करायच्या. दुसरे पाहुणे परभणीहून येणार असं ठरलं, तसा मुलगा गाडी जालन्याला घेऊन गेला आणि एसीचा कॉम्प्रेसर बदलून आला. जुना आतून जाम झाला होता. तो जड गोळा त्यानं परत आणून ओसरीत मांडला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. मेलेलं जनावरसुद्धा कुणी इतके दिवस दारात ठेवत नाही.

गाडी गार व्हायला लागली, हे खरं. पण आमच्या घरात गारवा ठाऊक तो कूलरचा. गवतावर पाणी मारायचं आणि गार वारा घ्यायचा. पाहुण्यांना आणायला निघायच्या सकाळी मुलानं गोणपाट भिजवलं आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर सुतळीनं आवळून बांधलं.

"हे काय करून राह्यला रे?"

"माय, कूलरला गवत असतंय ना, तसंच हे. डबल गार होतंय."

"मिस्तरीनं सांगितलं का?"

"मिस्तरीला काय कळतंय!"

जाळीमागच्या नळ्यांना वारा लागला नाही की सगळा ताण कॉम्प्रेसरवर येतो, हे पुढं त्याच मिस्तरीनं सांगितलं.

जालना स्टेशनावर नवऱ्या मुलाचे आईवडील उतरले. वडील पुढं बसले, आई मागं माझ्याजवळ. शहर सुटलं आणि गाडीच्या पोटातून किंकाळी आली. मागोमाग जळक्या रबराचा वास, मग गरम वारा. मुलानं बटण बंद केलं, खाली उतरून गोणपाट सोडलं आणि डिकीत फेकलं.

"काही न्हाई, जरा कचरा अडकला व्हता," परत बसताना तो म्हणाला. "काचा उघडू नका. आत्ता गार होतंय."

गार काही झालं नाही. भर मे महिना, दुपारचं ऊन, बंद काचा आणि आत आम्ही चौघं. गाव आलं की मुलगा ताठ बसायचा, बाहेरच्यांना वाटावं आत एसी चालू आहे. पाहुण्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाईंचं तोंड मिरचीसारखं लाल झालं, पदर भिजला, पण सोयरीक जुळायची आहे म्हणून त्याही गप्प. अशा जागी आपल्याकडची माणसं शिजून निघतील, पण उकडतंय म्हणणार नाहीत.

आमच्या टेंभुर्णीचा चौक दिसला तेव्हा बाईंनी डोळे मिटून डोकं मागं टाकलं.

"काच उघड," मी मुलाला म्हणाले.

"माय, लोक बघून राह्यलेत. एवढा चौक जाऊ दे."

"बाई बेशुद्ध पडली की लोक आणखी बघतील."

मी माझ्याकडचं हँडल फिरवलं. आला तो वाराही गरमच, पण वारा होता. बाईंनी मोठा श्वास घेतला आणि माझा हात धरला.

"लई बरं केलं, आजी. आमच्या गाडीचा एसी तर कवाचाच गेल्ता. पण हे बी गावातून काचा वर करूनच नेतात. म्हणून तर म्हटलं, रेल्वेनं जाऊ."

"तुला कुणी इचारलं?" पुढून पाहुणे म्हणाले आणि टोपी डोक्यावर चढवली.

माझा मुलगा एवढा मोठ्यानं हसला की गाडी खड्ड्यात गेली. मग भर चौकात त्यानं स्वतःची काच खाली केली. पाहुण्यांनीही केली.

सोयरीक ठरली. नात आत चहा गाळत होती आणि दोघे बाप ओसरीत त्या मेलेल्या कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंना उकिडवे बसून कुठला मिस्तरी बरा ते एकमेकांना सांगत होते. पोरीची चौकशी कमी, एसीच्या गॅसची जास्त.

नातीला मी एवढंच सांगितलं, "तिकडं गाडीत बसलीस की आधी हँडल कुठं आहे ते बघून ठेव."